सात पायऱ्यांची टेकडी

मी बाहुल्यांशी खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय एकोणपन्नास, नोकरी बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात, हुद्दा तपासणी विभागाचा प्रमुख. असा माणूस सुट्टीच्या दिवशी जे करतो त्याला ऐतिहासिक लढाया लढणं म्हणतात. बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई असतात, ते तीन केसांच्या कुंचल्यानं रंगवायचे असतात, टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या असतात, पट्टीनं अंतरं मोजायची असतात आणि फासे टाकून तोफा उडवायच्या असतात. यात आणि बाहुल्यांत फरक काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझी सहा वर्षं गेली. शेवटी बाहुल्याच आहेत असं मी सरकारला लेखी दिलं. ते का दिलं आणि त्यापायी माझ्या सैन्याचं काय झालं, ती ही हकीकत.

माझं सैन्य फ्रान्सचं. ऑस्ट्रियाचं सैन्य हयवदनचं. हयवदन माझा चौथीपासूनचा मित्र, बँकेत मोठा अधिकारी, आणि बोलायला इतका मवाळ की त्याच्याकडून हरल्याचं घरी पोचल्यावर लक्षात येतं. सहा वर्षांत आम्ही अकरा लढाया लढलो. अकराही तो जिंकला. जिंकल्यावर तो हसत नाही, टाळी मागत नाही. खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "बिडु व्यंक्या, पुढच्या वेळी." बिडु म्हणजे जाऊ दे. त्यापेक्षा त्यानं नाचून दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमचा पंच रणजीत. हा पुण्याचा, वय एकतीस, सर्जापूर रोडला राहतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि नियमांच्या पुस्तकावर त्याची जी श्रद्धा आहे ती आमच्या घरी फक्त आईच्या सोवळ्यात बघायला मिळते. माझं नाव व्यंकोजी आहे हे कळल्यावर त्यानं पहिल्या भेटीतच "म्हणजे महाराजांचे धाकटे भाऊ" असं म्हणून माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. आमचं घराणं चारशे वर्षांपूर्वी या गावात आलं, आमच्यात हे नाव दर दुसऱ्या पिढीत ठेवतात, हे मी त्याला सांगितलं. तो "ओके काका" म्हणाला. हयवदन माझ्याच वयाचा असून त्याला तो 'सर' म्हणतो.

तर या वेळी गोष्ट निराळी होती. चौदा महिने चाललेली मोहीम होती. दर गुरुवारी आम्ही दोघं आपापल्या चाली रणजीतला लिहून पाठवायचो आणि तो नकाशावर सैन्यं हलवायचा. आणि तेरा महिन्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मी जिंकतोय. हयवदनची रसद मी तोडली होती, त्याचे दोन पूल माझ्याकडे होते आणि त्याचं सैन्य नदी आणि माझ्यामध्ये अडकलं होतं. आता एकच लढाई राहिली होती. ती जिंकली की मोहीम माझी. त्या महिन्यात मी कारखान्यात एकाही माणसावर ओरडलो नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

लढाईचा दिवस ठरला विजयादशमीचा, कारण तिघांनाही सुट्टी होती. त्या दिवशी घरात काय असतं हा विचार तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. सण बायका करतात आणि सुट्टी पुरुष घेतात, ही आपल्याकडची जुनी वाटणी आहे. शिवाय नियम चौदा: ठरलेल्या दिवशी जो आपलं सैन्य मैदानात उभं करणार नाही त्यानं मोहीम सोडली असं समजावं. हा नियम मीच घालायला लावला होता. हयवदनला सदा उशीर होतो म्हणून.

मला या लढाईसाठी जास्तीचे चोवीस घोडेस्वार आणि घोड्यावरचा एक नवा सेनापती मिळणार होता. ते मी परदेशातून मागवले. पार्सल बंगळुरात आलं आणि कस्टममध्ये अडकलं.

मी रजा टाकून त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी डबा उघडून एक घोडा वर धरला. "टॉइज का?"

"नाही," मी म्हणालो. सहा वर्षांची सवय.

"सरी, बरं. मग काय?"

"ऐतिहासिक लघुप्रतिकृती."

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. लघुप्रतिकृती यादीत नव्हत्या. खेळणी असतील तर सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागणार होतं, शोभेच्या वस्तू असतील तर दुसरा फॉर्म, धातूच्या असतील तर धातू कोणता याचा दाखला. मी म्हणालो की शिसं आणि कथील यांचं मिश्रण आहे. शिसं म्हटल्यावर बाईंनी घोडा खाली ठेवला आणि हात पुसले. खरं बोलल्यानं एवढं नुकसान माझं यापूर्वी कधी झालं नव्हतं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मला सांगण्यात आलं की पार्सल परत जाईल.

आमच्या मारतहळ्ळीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अहल्याक्का राहतात. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत आणि सल्ला मागावा लागत नाही हा त्यांचा मोठा गुण. लिफ्टमध्ये माझा चेहरा पाहून त्यांनी सगळं काढून घेतलं. "अय्यो व्यंकोजी अण्णा, एवढंच? देवाचं आहे म्हणून सांगा की. ह्या देशात देवाच्या सामानाला कोण अडवतंय? नवरात्र आलंय. गोंबे आहेत म्हणा."

इथल्या घरांत नवरात्रात गोंबे बसवतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्या मांडून त्यावर लाकडी राजा-राणी, देव, वाण्याचं दुकान, दसऱ्याची मिरवणूक असं सगळं नऊ दिवस मांडून ठेवायचं आणि शेजारणींनी येऊन बघायचं. चारशे वर्षं इथं राहून आमच्याही घरात ते आलं. मला सल्ला अपमानास्पद वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी त्या खिडकीपाशी उभा राहून लिहून दिलं: "सदर पार्सलात माझ्या घरी नवरात्रात बसवण्याच्या गोंबे असून त्या मी इतर कोणत्याही कामासाठी वापरणार नाही." खाली सही, व्यंकोजी माने.

बाईंचा चेहराच बदलला. "तुमच्यात किती पायऱ्या?"

खरं तर तीन. पण माणूस एकदा खोटं बोलायला लागला की हात आखडत नाही. "सात," मी म्हणालो.

"सात! आजकाल कोण करतं हो सात?" म्हणून बाईंनी शिक्का मारला आणि कागदाची एक प्रत डब्यात घालून दिली. ती प्रत मी तिथंच फाडून फेकायला हवी होती.

घरी डबा उघडला माझ्या बायकोनं. चंदना आमच्या घरात आलेला प्रत्येक कागद मोठ्यानं वाचते, अगदी औषधाच्या बाटलीतलासुद्धा. हाही वाचला. समोर आई तांदूळ निवडत बसली होती. आईचं नाव अंबुबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, कान मात्र शाबूत.

"काय म्हणून लिहिलास रे व्यंकू?" आई म्हणाली. "परत वाच गं चंदना."

चंदनानं परत वाचलं. या वेळी चाल लावून.

"सात पायऱ्या म्हणून तोंडानंही सांगितलंय," मी कबूल केलं. कुठून तरी बाहेर येणारच होतं.

मला वाटलं आई रागावेल. ती उठली, हात झाडले आणि माळ्याकडे बघत उभी राहिली. अप्पा असताना आमच्याकडे सातच पायऱ्या असायच्या. ते गेल्यावर आई पाचावर आली, मग तीनवर, आणि गेल्या वर्षी तर राजा-राणी नुसते पाटावर ठेवून मोकळी झाली होती. "देवीच्या नावानं सरकारात लिहून दिलंस," ती म्हणाली. "आता खोटं करून कसं चालेल? फळ्या काढ."

मी फळ्या काढल्या. माझा हिशोब सरळ होता. नवे पंचवीस स्वार रंगवून शेवटच्या पायरीवर कोपऱ्यात ठेवायचे, देवी प्रसन्न, सरकार प्रसन्न. दसऱ्याला गुपचूप उचलायचे. मी वीस दिवस खपून ते रंगवले. बाकीचं सैन्य, दोनशे बारा शिपाई आणि सोळा तोफा, माझ्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली कपाटालाच असते, ही माझी चूक.

घटस्थापनेच्या संध्याकाळी होसूर रोडच्या गर्दीतून दीड तासानं घरी आलो तर माझं सगळं सैन्य पायऱ्यांवर होतं. वरच्या पायरीवर राजा-राणी आणि कलश. त्यांच्या पुढ्यात माझी निवडक गार्ड पलटण, पुजाऱ्यांसारखी दोन्ही बाजूंना. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या लाकडी हत्तीमागं माझं घोडदळ. वाण्याच्या दुकानासमोर माझे बॉम्बफेके एकामागं एक रांगेत, रेशन घ्यायला आल्यासारखे. तोफा तुळशीवृंदावनाभोवती. आणि नवा सेनापती, ज्याच्या कोटाच्या बटणांवर मी तीन संध्याकाळी घालवल्या, त्याच्या कपाळावर कुंकू.

"सात पायऱ्या भरायला नकोत का?" आई म्हणाली. तिच्या तोंडावर असा काही आनंद होता की सेनापतीकडे नेलेला हात मी मागं घेतला. मग ती म्हणाली, "आता बसल्या गोंबे. दसऱ्याची आरती होऊन निजवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवू."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. लढाई दसऱ्याला दुपारी. मी खुर्चीवर बसलो.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज संध्याकाळी बायका यायच्या, उसळ खायच्या आणि माझ्या सैन्याबद्दल मतं द्यायच्या. एकीनं विचारलं, हे बँडवाले का? दुसरीला ते कॉन्व्हेंटच्या शाळेतले वाटले. अहल्याक्का रोज यायच्या. "सगळ्यांना एकच निळा कशाला दिलात अण्णा? स्वल्प व्हरायटी पाहिजे. दोनचार क्रिकेटवाले ठेवा." सल्ला मूळ त्यांचा, सैन्य अडकलं माझं, आणि उसळ सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ली. एकदा सगळी झोपलेली असताना, म्हणजे दुपारी तीनला, मी एक तोफ हळूच उचलली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "चौथ्या पायरीवरची ना? ठेव." ती रोज सकाळी मऊ फडक्यानं एकेक शिपाई पुसत होती. तिला संख्या पाठ झाली होती.

खंडेनवमीला तर कळस झाला. स्कूटरला लिंबू बांधलं, मिक्सरला हळद लावली, आणि मोजायची पट्टी, नियमांचं पुस्तक आणि फासे हीही माझी हत्यारंच म्हणून चंदनानं पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहिला. म्हणजे शिपाई वर अडकले आणि शस्त्रं खाली.

शेवटी मी रणजीतला फोन केला. लढाई एक दिवस पुढं ढकलता येईल का, असं सहज विचारावं तसं विचारलं.

"काका, नियम चौदा," तो म्हणाला. "तुम्हीच टाकायला लावला होता. मेल आहे माझ्याकडे."

"अरे पण माझं सैन्य..." आणि मी सगळं सांगितलं. तो हसत असावा, पण पंचाला शोभेल असा, फोन लांब धरून.

"एक मिनिट," तो मग म्हणाला. "टेक्निकली, नियमात 'मैदान' म्हटलंय. मैदान म्हणजे टेबलच पाहिजे असं कुठंच नाहीये. तुमच्या घरी लढू. पायऱ्या म्हणजे टेकडी. तुमचं सैन्य ऑलरेडी टेकडीवर आहे. ते हलवता येणार नाही, बट दॅट्स युअर प्रॉब्लेम. हयवदन सरांना चालत असेल तर मला चालेल."

हयवदनला चाललं. "येतो की," तो म्हणाला. "आई कशा आहेत? ऑब्बट्टू केलंय का?" अकरा लढाया जिंकलेल्या माणसाला काळजी पुरणपोळीची.

दसऱ्याला सकाळची पूजा आटपल्यावर दुपारी आईनं पाटावरचे फासे आणि पट्टी सोडली. हयवदन आला, हातपाय धुतले, आईच्या पाया पडला आणि पायऱ्यांसमोर चौरंगावर आपलं पांढऱ्या कोटांचं सैन्य मांडलं. आईनं चष्मा लावून ते पाहिलं.

"हे कुठले रे हयवदन?"

"ऑस्ट्रियाचे, अम्मा."

"गोरे आहेत. जेवलेत का बरोबर?"

मग तिनं अट घातली. पायरीवर जी गोंबे चढेल ती बसली असं धरायचं. तिला मागं घ्यायचं नाही, सरकवायचं नाही, उद्या सकाळपर्यंत ती तिथंच. रणजीतनं हे लगेच वहीत लिहून घेतलं: पायऱ्यांवर आजींचा शब्द अंतिम. हयवदन म्हणाला, हे जरा एकतर्फी होतंय. मी म्हणालो, घर कुणाचं आहे? आणि वहीत सर्वात आधी मी सही केली. ठळक.

वाचकहो, त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. सहा वर्षं मी हरत होतो, कारण मला सैन्य हलवायची घाई. इकडून घोडे काढ, तिकडे घाल. आता हलवताच येत नव्हतं. बसून नुसत्या तोफा डागायच्या. त्यामुळं मी प्रथमच बरोबर लढत होतो. हयवदनची पहिली पलटण पहिल्या पायरीवर चढली, माझ्या तोफांनी ती झोडपली, आणि नियमाप्रमाणे तिला मागं हटायचं होतं. पण हटता येईना. ती बसली होती. दुसरी पलटण तिच्या मदतीला चढली, तीही बसली. वाण्याच्या दुकानाशी रांगेत उभ्या असलेल्या माझ्या बॉम्बफेक्यांनी तिसरीला अडवलं. हयवदनचा घाम मी पहिल्यांदा पाहिला. तो एकदा "बिडु" म्हणायला गेला आणि ते शेवटपर्यंत त्याच्या तोंडातून निघालंच नाही.

चंदना मधूनमधून कॉफी आणून द्यायची आणि "तुम्ही जिंकताय?" असं अविश्वासानं विचारायची. अहल्याक्का खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि हयवदनला सल्ले देत होत्या, यावरून सल्ल्याची गरज आता कुणाला आहे ते दिसत होतं.

साडेसहाच्या सुमाराला हयवदननं शेवटचं करून पाहिलं. आपला फील्डमार्शल, पांढऱ्या घोड्यावरचा, स्वतः तिसऱ्या पायरीवर चढवला. त्यामुळं त्याच्या खाली उरलेल्या पलटणींना धीर आला आणि त्या थेट माझ्या तोफांपर्यंत चढल्या. आता एक फेरी राहिली. रणजीतनं अंतर मोजलं, पुस्तकात पाहिलं आणि म्हणाला, "काका, एक फासा. तीन किंवा वर पडलं तर ऑस्ट्रिया मोडली. मोहीम तुमची."

मी फासा हातात घेतला.

"ठेव तो," आई म्हणाली. ती आरतीचं ताट घेऊन उभी होती. "दिवेलागण झाली. गोंबे निजवायच्या. मग टाक काय टाकायचं ते."

दसऱ्याच्या संध्याकाळी आरती करून एक जोडी आडवी ठेवायची, म्हणजे बाकी सगळ्यांना निजवल्यासारखं होतं. दर वर्षी राजा-राणीला निजवतात. आरती झाली. आईनं राजाला धरलं. राजा हलेना. राणी हलेना. दोघंही फळीला घट्ट चिकटलेली. नऊ दिवसांपूर्वी सकाळी मांडतानाच ती डगमगत होती म्हणून, आपले शिपाई मी ज्या गोंदानं त्यांच्या चकत्यांवर बसवतो, त्याचे चार थेंब त्यांच्या पायांखाली मीच सोडले होते. त्या गोंदाची मी आजवर सगळ्यांकडे स्तुती केलेली आहे.

"असू दे," आई म्हणाली. "या वर्षी पाहुणे आहेत. त्यांचा मान. व्यंकू, तुझ्या शिपायांतला थोरला कोण रे?"

रणजीतनं पुस्तकातून मान वर केली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. आमच्यात आडवा पडलेला शिपाई म्हणजे मेलेला. कुणी पाडला, कसा पाडला, ते विचारत नाहीत; एकदा हयवदनच्या कोपरानं माझी अख्खी रेजिमेंट गेली होती. आणि सेनापती मेला की सैन्य मोडतं. हयवदनलाही ते कळलं होतं. तो छताकडे बघायला लागला.

मला एवढंच करायचं होतं, की भलत्याकडे बोट दाखवायचं. मी दाखवलं. दुसऱ्या पायरीवरच्या नगारेवाल्याकडे.

आईनं नगारेवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा? ह्याला घोडा नाही, काही नाही. नऊ दिवस पुसतेय मी त्यांना. मला ठाऊक नाही होय थोरला कोण?" आणि तिनं माझा सेनापती उचलला, त्याच्या कपाळावरचं कुंकू पदरानं नीट केलं आणि हळूच आडवा ठेवला. वरून हातरुमाल घातला.

"गेला," रणजीत कुजबुजला. "काका, सॉरी. पायऱ्यांवर आजींचा शब्द अंतिम."

बारा–शून्य. हयवदननं सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पण जोडी पाहिजे की," आई म्हणाली. "एकटा कसा निजेल?" ती पायऱ्यांवरून नजर फिरवायला लागली आणि तिसऱ्या पायरीशी थांबली. "हा पण थोरलाच दिसतोय. घोडाही आहे."

"अम्मा, तो माझा..." हयवदनचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

"तुझा असेल. पायरीवर चढला ना? मग बसला." आणि तिनं ऑस्ट्रियाचा फील्डमार्शल उचलून माझ्या सेनापतीशेजारी आडवा केला आणि दोघांवर एकच रुमाल सारखा केला. मग ती त्यांच्यासाठी जोगुळ म्हणाली. चंदना आणि अहल्याक्कांनी साथ दिली. त्या अंगाईत ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांत काही फरक केलेला नव्हता.

रणजीतनं पुस्तक पुढून मागून चाळलं. "दोन्ही सेनापती पडले. दोन्ही सैन्यं माघार. म्हणजे ड्रॉ. मोहीमच ड्रॉ."

हयवदन पुरणपोळी न खाता घरी गेला. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याचा फोन. "व्यंक्या, रात्रभर झोप नाही. माझा फील्डमार्शल दे की परत. डिसेंबरात मैसूरवाल्यांशी लढाई आहे माझी."

मी आईला विचारलं. आई म्हणाली, निजवलेली जोडी फोडत नाहीत. ती पुढच्या नवरात्रात एकत्रच उठवायची. मी हे हयवदनला कळवलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. आपल्या ग्रुपवर टाकायला मी लिहून ठेवलंय. मोहीम व्यंकोजीनं जिंकली, मी मान्य करतो. सगळे वाचतील, मैसूरवालेसुद्धा. तू फक्त आईंना समजाव."

मी तसाच आत गेलो. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा फाडून ती त्या दोघांना गुंडाळत होती. एकाचा रंग दुसऱ्याला घासू नये म्हणून मधे एक घडी घालत होती, आणि ती घडी इतकी जपून घालत होती की मी दारातच थांबलो.

"व्यंकू," ती मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी नऊ करू या रे. आठ चालत नाहीत, विषमच लागतात. नवव्याला काय ठेवायचं ते आतापासून बघ."

अप्पा गेल्यापासून पुढच्या वर्षाचा विषय आईच्या तोंडून मी ऐकला नव्हता. दर सणाला ती म्हणायची, आता हा शेवटचा. "बघतो," मी म्हणालो.

तिनं गाठ मारली. मी बाहेर येऊन फोन उचलला आणि हयवदनला सांगितलं, जमत नाही.

"म्हणजे ड्रॉच?"

"ड्रॉच."

वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. अकरा वेळा हरलेल्या माणसाला हातात आलेला विजय सोडताना काय होतं, ते अकरा वेळा हरल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मी हयवदनला म्हणालो, ते ग्रुपवर टाकायला लिहून ठेवलेलं एकदा वाचून दाखव. त्यानं वाचलं. मी म्हणालो, हळू वाच, इथं मिक्सर चालू आहे. त्यानं परत वाचलं, शब्द न् शब्द, माझ्या नावासकट.

"बास," मी म्हणालो. "आता पुसून टाक."